पूरपट्ट्यात पाचट बरेच जण ठेवतात, निचरा मोजकेच करतात, काठ कुणी राखत नाही – असं का?

मळीचा_शिवार

शिरोळ, मिरज, पलूस या पट्ट्यातल्या कृष्णा-पंचगंगेकाठच्या गावांबद्दल विचारतोय. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर या गावांनी सोसले. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तिथली धोका पातळी ४५ फूट आहे. म्हणजे पूर सगळ्यांनी पाहिला, नुकसानही सगळ्यांचं झालं.

तरी माती आणि पाण्याची कामं सगळीकडे सारखी झालेली नाहीत. उसाचं पाचट, म्हणजे तोडणीनंतर उरलेली वाळकी पानं, न जाळता सरीत ठेवणं बऱ्यापैकी रुळलं. पाइप टाकून निचरा काढायचं काम एखाद्या गावात शंभर-शंभर एकरांवर सलग झालंय, तर शेजारच्या गावात एकही चर नाही. नदीच्या काठाला गवताची किंवा बांबूची पट्टी राखणारे तर शोधावे लागतात. प्रशिक्षण तेच, कृषी सहाय्यकांच्या बैठका त्याच.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. एक, शेतकरी नेमकं काय बघून यातलं एखादं काम उचलतो किंवा टाळतो? दोन, गावपातळीवर पुढच्या हंगामात एकाच कामाला जोर लावायचा झाला, तर कुठलं निवडावं आणि त्यात कुठे फसायला होतं? "जनजागृती कमी पडते" हे उत्तर ऐकून झालंय, कृपया त्यापलीकडचं सांगा.

---

उतारपाहणी

जनजागृतीचा यात फारसा संबंध नाही, हे बरोबर ओळखलंत. आधी जमिनीकडे बघा.

पूरपट्टा लांबून सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो. पूर काठावरून बाहेर पडतो तेव्हा त्याचा वेग एकदम कमी होतो आणि जड माती, बारीक वाळू काठालगतच खाली बसते. हलकी चिकण माती पाण्याबरोबर मागे जाते आणि सावकाश बसते. वर्षानुवर्षं असंच होत आल्यामुळे काठाची मळी, म्हणजे गाळाची जमीन, उंच आणि भुसभुशीत झाली, मागची काळी रानं खोलगट आणि घट्ट झाली. पूर ओसरल्यावर मळीत लवकर वाफसा येतो, म्हणजे माती मशागतीजोगी सुकते. मागच्या खोलगटात मात्र पाणी आठवडे-आठवडे तुंबतं, कारण नदीकडे जायची वाट उंच मळीनं अडवलेली असते.

म्हणजे गाव एक असलं तरी दुखणी वेगळी आहेत. काठावरच्याचं रान ढासळतं. मागच्याचं रान पाणथळ होतं, मग क्षार साचून क्षारपड होतं. मधल्याला दोन्ही झळा कमी. तुम्ही म्हणताय त्या तीन कामांचे धनीच वेगवेगळे आहेत. सगळ्यांना एकाच सभेत बसवून तिन्ही कामं सांगितली, तर प्रत्येकाला त्यातलं दोन तृतीयांश बिनकामाचं वाटतं.

दुसरं म्हणजे आपल्याकडे मृद व जलसंधारण म्हटलं की माळरानावरची बांधबंदिस्ती, सलग समतल चर, पाणी अडवा-पाणी जिरवा हेच डोळ्यासमोर येतं. जत-आटपाडीच्या हलक्या, उताराच्या जमिनीला ते योग्यच आहे. पूरपट्ट्यातल्या खोल काळ्या जमिनीत तेच केलं तर बांधाच्या वरच्या अंगाला पाणी साचून ऊस पिवळा पडतो आणि शेतकरी पहिल्या पावसाळ्यातच बांध फोडतो. त्याला आडमुठा म्हणू नका. त्याच्या रानाला पाणी धरून ठेवायची नाही, जादा पाणी बाहेर काढायची आणि माती जागेवर ठेवायची गरज आहे.

आता पाचट का रुजलं ते बघा. त्याला शेजाऱ्याची परवानगी लागत नाही. सुरुवातीला पैसा जवळजवळ लागत नाही. आणि फायदा त्याच उन्हाळ्यात दिसतो: खोडव्यात (तोडलेल्या उसाच्या फुटव्यांवर घेतलेल्या पिकात) तण कमी, आणि एप्रिल-मेमध्ये पाण्याची पाळी लांबली तरी ऊस तग धरतो. एकरी साधारण ३ ते ४ टन पाचट निघतं. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत, असं धरून सरीतल्या पाचटावर टाकायचं आणि पाणी द्यायचं. बुडखे जमिनीलगत छाटायचे, बगला (वरंब्याच्या बाजू) फोडायच्या नाहीत, खत पहारीनं भोक पाडून मुळाशी द्यायचं. यातलं काहीच कुणावर अवलंबून नाही.

तरीही नदीलगतच्या अगदी सखल रानात पाचट जाळणारे तुम्हाला दिसतील. त्यालाही कारण आहे. डिसेंबर-जानेवारीत तुटलेल्या उसाचं पाचट जूनपर्यंत बरंचसं कुजतं. मार्च-एप्रिलमध्ये तुटलेल्याचं कुजत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी चढलं की ते सगळं तरंगतं, शेजाऱ्याच्या कोवळ्या उसावर थर करून बसतं किंवा बंधाऱ्याला जाऊन अडकतं. मग भांडणं. अशा रानात पाचट अखंड ठेवू नका. कुट्टी यंत्रानं बारीक करा आणि सरीत मातीआड करा, तरच ते टिकतं. उशिरा तुटणाऱ्या सखल रानाला "पाचट ठेवा" एवढंच सांगणं अर्धवट सल्ला आहे.

---

वाफसा

निचऱ्याबद्दल लिहितो, कारण तुमच्या प्रश्नातला "एका गावात सलग, शेजारी काहीच नाही" हा भाग त्यातच दडलाय.

या रानांत जमिनीखाली टाकायची सच्छिद्र पाइपची रचना अशी असते. ८० मिलिमीटर व्यासाचा, भोकं पाडलेला नालीदार पीव्हीसी पाइप, त्यावर कापडासारखी गाळणी गुंडाळलेली, हा उपपाइप. तो साधारण १ ते १.२५ मीटर खोल बसवतात. दोन उपपाइपमधलं अंतर जमिनीच्या पोतावर ठरतं. चिकण काळीत १५ ते २० मीटर, जरा मोकळ्या जमिनीत ३० मीटरपर्यंत. सगळे उपपाइप एका बिनभोकाच्या मोठ्या पाइपला मिळतात, जोडावर चेंबर असतो, आणि मोठा पाइप ओढ्यात सुटतो. २० मीटर अंतर धरलं तर एकरात उपपाइप सुमारे २०० मीटर लागतो, ३० मीटर धरलं तर १३५. खर्चाचा अंदाज काढताना पहिल्यांदा हेच अंतर विचारा. अंतर न सांगता एकरी दर सांगणाऱ्याकडून काम घेऊ नका.

आता उताराचा हिशोब करून बघा. ०.२ टक्के उतार म्हणजे १०० मीटरला २० सेंटिमीटर. वरच्या टोकाला पाइप १.१ मीटरवर असेल तर खालच्या टोकाला १.३ वर येतो. मोठा पाइप त्याच्याखाली, म्हणजे १.४ च्या आसपास. त्याचं तोंड ओढ्याच्या तळापासून थोडं वर राहायला हवं. म्हणजे ओढा दीड-पावणेदोन मीटर तरी खोल पाहिजे. आपल्या पट्ट्यातले किती ओढे आज तेवढे खोल आहेत? बरेच गाळानं भरलेत, काही दोन्ही बाजूंनी नांगरून सरीएवढे उरलेत. ज्या गावात सलग काम झालंय, तिथे ओढा आधी मोकळा झालेला असतो. जिथे झालं नाही, तिथल्या एकट्या शेतकऱ्यानं कितीही मनावर घेतलं तरी त्याच्या पाइपातलं पाणी सोडायचं कुठे?

त्यात उतारपाहणी यांनी सांगितलेली अडचण आहेच. निचऱ्याची गरज मागच्या खोलगटातल्या शेतकऱ्याला, आणि मोठा पाइप जातो पुढच्या चांगल्या रानातून. पुढच्याला त्यातून काही मिळत नाही, उलट एक हंगाम चराच्या पट्ट्यातला ऊस जातो. म्हणून हे काम सुटं होत नाही, गटानंच होतं. शिरोळ तालुक्यात श्री दत्त साखर कारखान्यानं पुढाकार घेऊन क्षारपड जमिनीचं काम मोठ्या प्रमाणावर उभं केलं, ते कसं चाललं हे या दृष्टीनं बघण्यासारखं आहे. कारखाना, सोसायटी असं कुणीतरी मध्ये असलं की तीन गाठी सुटतात. पुढच्या शेतकऱ्याशी बोलणारं माणूस मिळतं, कर्जाची हमी मिळते आणि हप्ता ऊसबिलातून परस्पर वळता होतो. शेतकऱ्याला रोख भरायची वेळ येत नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं.

काम बिघडतं ते बहुतेक अशा ठिकाणी:

चराचा तळ डोळ्यानं काढतात. मध्ये कुठेतरी १०-१२ सेंटिमीटरचा खड्डा राहतो, त्यात गाळ बसतो आणि त्याच्या वरचा सगळा पाइप मुका होतो. तळ लेझरनं किंवा निदान डम्पी लेव्हलनं (चढउतार मोजायच्या दुर्बिणीनं) तपासल्याशिवाय माती ओढू देऊ नका.

ओली चिकण माती गोळ्या-गोळ्यांनी चरात ढकलतात. ती पाइपभोवती लिंपल्यासारखी बसते आणि पाणी आत शिरायला जागाच राहत नाही. काम फेब्रुवारी ते मे, माती सुकी असताना करा.

पाइपच्या तोंडाला जाळी नसते. खेकडे आणि उंदीर आत जातात. महापुरानंतर तोंड गाळाखाली गाडलं जातं आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कुणी उकरत नाही. पूर ओसरला की पहिल्या आठवड्यात तोंड मोकळं करणं आणि चेंबरमधून दाबानं पाणी सोडून पाइप धुणं, ही जबाबदारी गटातल्या एका माणसावर नाव घालून टाका.

आणखी एक. जमीन चोपण झाली असेल, म्हणजे सामू (pH) ८.५ च्या वर आणि विनिमययुक्त सोडियम १५ टक्क्यांच्या वर, तर नुसत्या पाइपनं भागत नाही. माती फुगून बसलेली असते, पाणी खाली उतरतच नाही. माती परीक्षणात आलेल्या जिप्समच्या गरजेच्या निम्मं जिप्सम वरच्या १५-२० सेंटिमीटरमध्ये मिसळायचं, वर पाणी द्यायचं, मग धैंचा किंवा ताग घेऊन फुलोऱ्याआधी गाडायचा. चुनखडी जास्त असेल तर जिप्समऐवजी गंधकाचा विचार करतात. उलट जमीन नुसती क्षारयुक्त असेल, क्षारता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर पण सामू ८.५ च्या आत, तर जिप्समवर पैसे घालू नका. निचरा आणि गोडं पाणी तिला पुरतं. या दोन जमिनींतली गल्लत फार महाग पडते. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात याच जमिनींवर काम चालतं, शंका असेल तर तिथे विचारून घ्या.

ज्यांना पाइप झेपत नाही त्यांच्यासाठी मोल नांगराचा निचरा आहे. ट्रॅक्टरमागे लोखंडी गोळा ओढून ४० ते ६० सेंटिमीटरवर साधारण ४ मीटर अंतरानं पोकळ नळी पाडतात. खर्च पाइपच्या मानानं खूप कमी, पण नळी तीन-चार वर्षंच टिकते. वरची माती कोरडी आणि ५० सेंटिमीटरवरची माती सुतळीएवढी वळी न तुटता वळता येईल इतकी ओलसर, हीच तिची वेळ. वाळूचा थर असलेल्या मळीत ती टिकत नाही, तिथे करू नका.

---

काठ_राखण

काठाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून सविस्तर लिहितो. काठ पूर चढताना फारसा ढासळत नाही, पूर उतरताना ढासळतो, हे लोकांच्या लवकर लक्षात येत नाही. पाणी वर असताना नदी काठाला बाहेरून दाबून धरते. तेवढ्यात काठाची माती पाणी पिऊन जड होते. मग नदी झपाट्यानं उतरते, बाहेरचा आधार जातो, आतलं पाणी मात्र तेवढ्या वेगानं निघत नाही. त्यातच पायथा प्रवाहानं पोखरलेला असतो. काठापासून तीन-चार फूट आत, काठाला समांतर, बोटभर रुंद भेग पडते. एक-दोन दिवसांत अख्खा तुकडा उसासकट खाली बसतो. सप्टेंबरात काठानं चाललात तर या भेगा सरळ दिसतात.

तरी काठ राखणारे कमी, कारण हिशोब असा आहे. नदीला १०० फूट तोंड असलेलं २० गुंठ्यांचं रान धरा. काठालगत १५ फुटांची पट्टी सोडली तर १,५०० चौरस फूट, म्हणजे जवळपास १.४ गुंठे गेले. गुंठ्याला टनभर ऊस आणि टनाला ३,२०० रुपये धरले तर वर्षाला साडेचार हजारांच्या आसपास उत्पन्न सोडायचं. रान ७ टक्के कमी होतं. समोर फायदा काय, तर कधीतरी ढासळणारा काठ कदाचित ढासळणार नाही. लहान शेतकऱ्यानं यावर हो म्हणावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

म्हणून ज्यांच्या दावणीला दोन-तीन म्हशी आहेत ते ही पट्टी राखतात, इतर राखत नाहीत. त्यांना त्यातून वर्षभर हत्ती गवत मिळतं, वैरण विकत घ्यायची वाचते. ते मातीसाठी नाही, वैरणीसाठी पट्टी ठेवतात, आणि तेवढ्यानं माती वाचते. काठावर काम वाढवायचं असेल तर दूध संस्थेच्या सभासदांपासून सुरू करा, तिथे हे लवकर पटतं.

लागवडीचं तंत्रही सांगतो, कारण यात पैसा वाया जायचं प्रमाण फार आहे. वृक्षारोपण जूनमध्ये उरकलं जातं आणि जुलै-ऑगस्टच्या पुरात रोपं जातात. काठावरची लागवड पूर ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करायची. पंपाचं पाणी जवळच असतं, उन्हाळाभर आठवड्याला एक पाणी दिलं की पुढच्या पुरापर्यंत मुळांना आठ महिने मिळतात. उतारावर वाळ्याचे ठोंब, एका जागी तीन फुटवे, दोन ठोंबांत १५ सेंटिमीटर, ओळी उताराला आडव्या आणि दर मीटरभर उंचीला एक. वाळ्याची मुळं दोन-तीन मीटर सरळ खाली जातात, ती काठ शिवून धरतात. वरच्या पट्टीत हत्ती गवत. बांबू लावायचा तर अगदी कडेला नाही, पट्टीच्या आतल्या बाजूला, बेटांत ५ मीटर अंतर ठेवून. कडेवरचं मोठं झाड पुरात उन्मळलं तर मुळांबरोबर काठाचा मोठा लचका घेऊन जातं. पाण्याच्या अगदी जवळ वाळुंज आणि शेरणी आपोआप येतात, ती तोडू नका, एवढं पाळलं तरी खूप झालं.

आणि पहिलं काम लागवडीचंही नाही. उसाच्या सऱ्या काठावर उघड्या सोडलेल्या असतात. पावसाचं आणि पाटाचं जादा पाणी तिथून खाली पडतं, त्याच जागी घळ सुरू होते आणि ती दरवर्षी रानात मागे सरकत येते. पाणीपुरवठ्याची पाइपलाइन पुरलेला चर नीट दाबला नाही तर तिथेही हेच होतं. पट्टीच्या आतल्या अंगाला फूटभर उंच आडवा वरंबा घाला, पाणी एका जागी आणा आणि ६ इंची पाइपनं थेट पायथ्याला दगडांवर सोडा. एवढ्याशा कामानं निम्म्या घळी थांबतात.

दगडी पिचिंग किंवा जाळीतल्या दगडांची भिंत एकट्यानं घालू नका. प्रवाह भिंतीच्या टोकाला वळसा घालून शेजाऱ्याचा काठ खातो आणि मग मागून तुमची भिंतही सोडवतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाचे सगळे शेतकरी एकत्र आले तरच तो विचार करावा. शिवाय नदीचं पात्र सरकारी आहे, पात्रात काही करायचं तर जलसंपदा विभागाची परवानगी आधी. वळणाच्या आतल्या अंगाला गाळ साठतो, तिथल्या शेतकऱ्याला काठाची चिंता नसते. त्याला या कामात ओढू नका.

---

मळीचा_शिवार

तिघांचेही आभार. उंच मळी आणि खोलगट काळी हा भेद लक्षात घेतला की आमच्या याद्याच वेगळ्या होतील. एक राहिलं. एकाच खोलगटात, एकाच ओढ्याला लागून असलेल्या दोन शेतकऱ्यांपैकी एक निचऱ्याला तयार होतो, दुसरा नाही म्हणतो. रान सारखं, ऊस सारखा. तिथे काय आडवं येतं?

---

सातबारा_आठअ

तिथे बहुतेक वेळा कागद आडवा येतो. उताऱ्यावर कुणाचं नाव आहे आणि रान प्रत्यक्षात कोण कसतंय, हे आधी बघा.

एका सातबाऱ्यावर भाऊ, चुलते, बहिणी अशी आठ-दहा नावं असतात. वाटप तोंडी झालेलं असतं. दीर्घ मुदतीचं कर्ज काढायचं तर सगळ्यांच्या सह्या लागतात, एकजण पुण्याला असतो, एकाचं पटत नाही. माणूस तयार असूनही काम अडतं. याला प्रशिक्षणानं उत्तर नाही. आपसात वाटप करून तहसीलदारांकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली अर्ज केला तर पोटहिस्से वेगळे होतात. गटाचं काम सुरू करायच्या आधीच्या वर्षी हे मार्गी लावा.

दुसरं, खंडानं कसणारे. कूळकायद्याच्या धास्तीनं मालक वर्षाच्या तोंडी बोलीवर रान देतो, दरवर्षी माणूस बदलण्याचा हक्क स्वतःकडे ठेवतो. खंडकरी पाचट ठेवेल, कारण त्याचा फायदा त्याच खोडव्यात मिळतो. पंचवीस वर्षं टिकणारा पाइप तो का टाकेल? मालक गावाबाहेर असेल तर त्याला खंडाशी मतलब. अशा रानांची वेगळी यादी करा आणि निचऱ्यासाठी थेट मालकाशी बोला. खंड वाढवून मिळेल हे त्याला कळलं तर तो ऐकतो.

तिसरं, पाणीपट्टी. बऱ्याच सहकारी पाणीपुरवठा संस्थांत आकारणी एकरावर असते, वापरलेल्या पाण्यावर नाही. पाळी पंधरा-वीस दिवसांनी येते आणि पुढची नक्की कधी येईल याची खात्री नसते. मग मिळालं की भरभरून पाणी द्यायचं, हा शेतकऱ्याचा निर्णय त्याच्या जागी शहाणपणाचाच आहे. खोलगटातली पाणीपातळी वर यायला पुराइतकंच हेही कारणीभूत आहे. ठिबक बसवणारे पाणी वाचावं म्हणून बसवत नाहीत. रात्री बारे धरायची कटकट जाते, खत मुळाशी जातं, तणाची मजुरी वाचते, म्हणून बसवतात. पूरपट्ट्यात नळ्या वाहून जायची भीती असते, तेव्हा जूनमध्ये नळ्या गुंडाळून वर न्यायची सोय आणि फिल्टर पूररेषेच्या वर, या दोन अटींवरच ठिबक सुचवा.

चौथं, मदतीचे निकष. आपत्ती निवारण निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत शेतातला गाळ काढायला हेक्टरी १८,००० रुपये आहेत, तेही थर ३ इंचांपेक्षा जास्त असल्याचं प्रमाणित झालं तर. नदीनं पात्र बदलून जमीनच गेली तर अल्प व अत्यल्प भूधारकांना हेक्टरी ४७,०००. दोन्ही मदती नुकसान झाल्यानंतरच्या. काठ आधी राखला म्हणून कुणाला काही मिळत नाही. शेतकऱ्याला हे नीट कळतं आणि तो त्याप्रमाणे वागतो.

काठाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट उघड बोलायला हवी. मळीची माती वीटभट्टीला जाते. एक गुंठा एक फूट खोल उकरला की जवळपास ११ ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) माती निघते आणि पैसे रोख मिळतात. अडचणीतल्या माणसाला तो मोह होणारच. पण रान फूटभर खाली गेलं की पुढचा पूर आधी तिथे शिरतो आणि शेजाऱ्याच्या बांधाची कड सुटते. गावात एकानं माती विकायला सुरुवात केली की त्याच्या दोन्ही बाजूचे काठ राखण्यात पैसा घालत नाहीत. ग्रामसभेनं ठराव करायचा असेल तर आधी यावर करावा.

ओढा बुजवल्याबद्दल: नैसर्गिक प्रवाहाला अडथळा केला असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. लोक दोन-तीन वर्षं तोंडी भांडत बसतात आणि मुदत निघून जाते. समजुतीनं मिटलं तर उत्तमच, पण तारीख लिहून ठेवा.

---

उतारपाहणी

शेवटच्या प्रतिसादाशी बहुतांशी सहमत. फक्त कागद साफ झाला की माणूस तयार होतो, असं नाही. पुष्कळांना आपलं रान पाणथळ आहे हेच मान्य नसतं. ऊस पिवळा पडला की ते युरिया वाढवतात, बियाणं बदलतात, फुले २६५ लावून बघतात. तो वाण अशा जमिनीत इतरांपेक्षा बरा तग धरतो, त्यामुळे दुखणं आणखी चार वर्षं झाकलं जातं.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर: पुढच्या हंगामात जोर ओढ्यावर लावा. निचरा त्यानंतर. ओढा सरकारी किंवा सामाईक असतो, त्यात कुणाच्या उताऱ्याचा प्रश्न येत नाही, आणि नुसता ओढा दीड-पावणेदोन मीटर खोल मोकळा झाला तरी लगतच्या रानात वाफसा लवकर येतो. तो फरक बघून पाइपसाठी माणसं स्वतः विचारत येतात. ओढ्यातला गाळ मात्र काठावरच ढीग करून ठेवू नका, पहिल्या पावसात तो परत आत येतो. आणि खोदाई नदीच्या बाजूनं सुरू करून वर जा. वरून सुरू केली तर पाणी मध्येच तुंबतं आणि खालचे शेतकरी काम बंद पाडतात.

त्याच वेळी खोलगटात दर दहा-बारा एकरांमागे एक निरीक्षण नळी बसवा. दोन इंची पीव्हीसी पाइप, लांबी दोन मीटर, खालच्या दीड मीटरला भोकं, वर मच्छरदाणीचं कापड गुंडाळलेलं. गिरमिटानं भोक पाडून उभा करायचा, भोवती जाड वाळू, वरचा अर्धा फूट चिकण मातीनं बंद, टोपण घट्ट. चिकण जमिनीत पाणी हळू झिरपतं, म्हणून पहिले चार दिवस नोंद घेऊ नका. नंतर दर आठ दिवसांनी दोरीला वजन बांधून जमिनीपासून पाणी किती खाली आहे ते मोजायचं आणि सोसायटीच्या फळ्यावर गट क्रमांकासह लिहायचं. पाणी मीटरच्या आत येऊन टिकलं तर उसाच्या मुळांना त्रास सुरू झाला असं समजा. शेजारच्या गटात दीड मीटर आणि आपल्यात ५० सेंटिमीटर हे फळ्यावर दिसलं की युरियाची चर्चा थांबते.

नळ्या आत्ताच, पाऊस सुरू व्हायच्या आधी बसवा. माती परीक्षणाचे नमुनेही त्याच भोकातून घ्या: ० ते ३०, ३० ते ६० आणि ६० ते ९० सेंटिमीटर, तीन वेगळ्या पिशव्या. नुसता वरचा नमुना देऊ नका. क्षार मे महिन्यात वर येतात आणि पावसानंतर खाली उतरतात, एकाच थराचा आकडा फसवतो.